फिरायला गेलो की भांडतोच, आमचं जमत नाही का?

सुट्ट्या संपल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. घरी बरं चाललेलं असतं आणि जिची वर्षभर वाट पाहिली त्या सहलीतच कडाक्याचं भांडण होतं. मग सगळा संसारच फसल्यासारखा वाटतो. एका जोडप्याचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, काकूंनी आयुष्यभर घर सांभाळलेलं. दोघं मुलीकडे इंग्लंडमध्ये लीड्सला गेले होते, तिथूनच माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलले. मुलीने एक दिवस त्यांना यॉर्क बघायला पाठवलं होतं. या शहराची मध्ययुगीन तटबंदी अजून उभी आहे, सुमारे ३.४ किलोमीटर, आणि तिच्यावरून चालता येतं. मिकलगेट बार या जुन्या वेशीपाशी ते वर चढले. चढायला उंच दगडी पायऱ्या, वर अरुंद वाट, आतल्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडाच नाही. काका झपझप पुढे, काकू भिंतीला हात लावत मागे.

लेअरथॉर्पला तटबंदी अचानक संपते. पूर्वी तिथे फॉस नदीच्या पाण्याची मोठी दलदल होती, शत्रू तिकडून येणं अवघड, म्हणून भिंत बांधलीच नाही. आता तिथे रहदारीचा रस्ता आहे. काकू तिथेच बसल्या. काका म्हणाले, "झेपत नव्हतं तर आलीस कशाला?" लीड्सला पोचेपर्यंत काकू एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी दोघांशी वेगवेगळं बोलले. काकूंचा गुडघा पहिल्या पायऱ्यांपासूनच दुखत होता, पण 'यांचा हिरमोड नको' म्हणून त्या गप्प राहिल्या. काकांच्या डोक्यात परतीचं तिकीट होतं. स्वस्तातलं, ठरलेल्या गाडीलाच चालणारं. ती गाडी चुकली तर मुलीला भुर्दंड, ही धास्ती. 'हिला कशाला काळजी' म्हणून तेही बोलले नाहीत. दोघांनीही एकमेकांना जपलं होतं, आणि नेमकं तेच रागाच्या रूपाने बाहेर पडलं. माझ्याकडे येणाऱ्या सहलीतल्या बहुतेक भांडणांत मला हेच सापडतं. घरी स्वयंपाकघर, पेपर, शेजारपाजार यांत दिवसाला आपोआप मोकळी जागा मिळते. परक्या गावात ती नसते, आणि न सांगितलेली काळजी चिडचिड होऊन निघते. (रोजच्या जगण्यातच अपमान, धाक किंवा मारहाण असेल तर ती गोष्ट वेगळी. तिला सहलीतलं भांडण समजू नका, लगेच मदत घ्या.)

मी एवढंच सुचवलं: निघण्याआधी प्रत्येकाने आपल्याला काय बघायचंय आणि कशाची धास्ती वाटतेय, ते एकेका वाक्यात सांगायचं. आणि दिवसातले दोन-तीन तास एकमेकांपासून वेगळे घालवायचे.

भारतात परतण्याआधी ते पुन्हा यॉर्कला गेले, या वेळी कोणत्याही गाडीला चालणारं तिकीट काढून. काका स्टेशनजवळच्या रेल्वे संग्रहालयात गेले. तिथे मॅलार्ड आहे, १९३८ साली ताशी २०३ किलोमीटर धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं. काकू मिन्स्टर कॅथेड्रलमध्ये सायंप्रार्थनेचं समूहगायन ऐकत बसल्या. ठरलेल्या वेळी काका आले नाहीत, इंजिनांत रमले होते. पण परक्या गावात एकटीला भीती वाटते हे काकूंनी सकाळीच सांगितलं होतं, म्हणून काकांनी फोन केला, "आत गर्दीतच थांब, मी पंधरा मिनिटांत येतो." काकू जरा कुरकुरल्या. मग दोघं चहा प्यायला गेले.