गाईड आहेत, पण मेंटर कुठे शोधावा?

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. सांडपाण्यातील रंगद्रव्यांचे विघटन करणारे उत्प्रेरक हा माझा विषय आहे. नोंदणीचे चौथे वर्ष चालू असून मुलगी दहा महिन्यांची आहे. पतींची नागपूरला बदली झाल्याने मलाही तिकडे जावे लागेल. गाईड सर अभ्यासू आहेत. मात्र पुढचा विषय काढला की ‘आधी घरचे मार्गी लावा, संशोधन नंतरही होईल,’ एवढेच म्हणतात. मला प्राध्यापकीच करायची आहे. विभागात एकही स्त्री प्राध्यापक नाही. मेंटर शोधावा असे सगळे सांगतात. तो शोधायचा कसा?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : स्थलांतराचा प्रश्न तातडीचा आहे, म्हणून त्याविषयी आधी लिहिते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते आणि कमाल मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत देता येते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागल्यास संशोधनाची माहिती (डेटा) नव्या संस्थेत नेण्याची मुभाही तीत आहे. अट अशी, की ते काम गाईडना किंवा विद्यापीठाला बाहेरून मंजूर झालेल्या प्रकल्पाचा भाग नसावे; शिवाय झालेल्या कामाचे श्रेय गाईड व मूळ संस्थेला द्यावे लागते. तेव्हा तुमचे कोणते प्रयोग प्रकल्पाच्या निधीतून झाले, याची यादी आधी करा. सरांशी बोलताना ती हाती असली, तर चर्चा घरच्या जबाबदाऱ्यांकडे न वळता कामावर राहील.

‘संशोधन नंतरही होईल,’ हे मला मुळीच मान्य नाही. खंड लांबला की उपकरणावरचा हात जातो, विषय पुढे सरकतो आणि शिफारसपत्र लिहू शकणारी माणसेही दुरावतात.

आता मेंटरविषयी. प्रबंधावर गाईडची सही लागते आणि तुमच्या शोधनिबंधावर त्यांचेही नाव असते, त्यामुळे ‘हे मला झेपेल का’ ही शंका त्यांच्यापुढे मोकळेपणी मांडणे कोणालाही अवघडच जाते. म्हणून ज्यांच्या हाती तुमचा निकाल किंवा फेलोशिप नाही, अशा व्यक्ती शोधा. ‘व्यक्ती’ असे अनेकवचनी लिहिले आहे, कारण सगळे एकाच माणसाकडून मिळावे ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. शोधनिबंध वाचून खरे मत देणारे एखादे ज्येष्ठ पुरेत. दोन-तीन वर्षांपूर्वी पीएच.डी. संपवलेली, लहान मूल असलेली एखादी संशोधक मला त्यांच्याइतकीच मोलाची वाटते. फेलोशिपचे पैसे रखडल्यावर तिने घर कसे चालवले, परिषदेला जाताना मुलाला कोणाकडे ठेवले, हे तिच्याखेरीज तुम्हाला कोण सांगणार?

मेंटर स्त्रीच असावी, असेही नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, म्हणून अखेर अटी घालून तो दिला. त्याच संस्थेतील शिक्षक श्रीनिवासय्या यांनी मात्र त्यांना मनापासून शिकवले. पुढे १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. प्रवेश ज्यांच्या हाती होता ते आणि ज्यांनी घडवले ते, ही दोन वेगळी माणसे होती. तुमच्या विभागाबाहेरही अशी माणसे आहेत. नागपुरात ‘नीरी’ म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, आणि तुमचा विषय तर नीरीच्या कामाला अगदी जवळचा आहे.

पहिल्याच पत्रात ‘मला मार्गदर्शन करावे’ असे लिहू नका. अशा ई-मेलचे काय करावे हे कामात बुडालेल्या माणसाला कळत नाही. त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाचा, आपला एकच आलेख जोडा आणि नेमके विचारा : ‘तिसऱ्या वापरानंतर माझ्या उत्प्रेरकाची क्षमता घटते. कारण पृष्ठभागावर साचणारा थर असावा, असे मला वाटते. ते तपासण्यासाठी कोणती चाचणी आधी करावी?’ उत्तर आले, तर सुचवलेली चाचणी करून निष्कर्ष कळवा, मग तो मनासारखा नसला तरीही. बहुतेक जण आभार मानून थांबतात आणि ओळख तिथेच संपते. तुम्ही मात्र दोन-तीनदा असे निष्कर्ष कळवलेत, की पोस्ट-डॉकविषयी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या संधीविषयी, विचारण्यात संकोच उरत नाही. चांगला मेंटर तुमच्या पाठीमागेही तुमच्यासाठी बोलतो. परिषदेसाठी वक्ते ठरताना किंवा जागा भरताना तुमचे नाव सुचवतो. त्यासाठी तुमचे काम त्याने जवळून पाहिलेले असावे लागते.

पीएच.डी.नंतर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज-किरण’ योजनेतील पोस्ट-डॉक फेलोशिपचा विचार अवश्य करा. त्यासाठी तुम्हाला सामावून घेणारी संस्था लागते, म्हणून नागपूरच्या ओळखी आतापासूनच व्हायला हव्यात. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण असतेच. पुढच्या सादरीकरणाआधी स्थलांतराचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.