धूर तोलायचा कसा?

प्रश्न: जंगलाला नाहीतर गोडाऊनला आग लागली की बातमीत येतं, इतके टन प्रदूषण हवेत गेलं. धूर तर वाऱ्याबरोबर उडून जातो, मग मोजतात कसं? आणि आग विझली की विषय संपतो ना?

उत्तर: सगळा धूर कोणी पकडत नाही हो, गरजही नसते. थोडा नमुना घ्यायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड, मोनॉक्साइड, मिथेन मोजायचा, साध्या हवेत आधीच जेवढा असतो तेवढा वजा करायचा (हे राहिलं की हिशोब गंडलाच) आणि धुरातल्या कार्बनचा कितवा हिस्सा कोणत्या वायूत आहे ते प्रमाण काढायचं. सुक्या लाकडाचं जवळपास अर्धं वजन कार्बनचं असतं आणि जे जळतं त्यातला बहुतेक कार्बन धुरातूनच वर जातो. म्हणजे १ किलो लाकडात ५०० ग्रॅम कार्बन धरा, धुरातल्या कार्बनचा दहावा हिस्सा मोनॉक्साइडच्या रूपात सापडला तर तो ५० ग्रॅम, त्यात ऑक्सिजन मिळवला की साधारण ११७ ग्रॅम मोनॉक्साइड. हा झाला उत्सर्जन गुणांक, म्हणजे किलोभर इंधनामागे किती ग्रॅम वायू निघतो तो आकडा. मग जळालेलं क्षेत्र, तिथलं सुकं इंधन, त्यातलं खरंच किती जळलं आणि हा गुणांक, चारही गुणले की टन आले.

क्षेत्र सॅटेलाइटवरून कळतं, पण खाली पालापाचोळा किती जळला ते वरून नीट कळत नाही, खरी गोची तिथेच. म्हणून बातमीत एकच ठाम आकडा दिसला की मला जरा शंकाच येते, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहिलं असेल तर जास्त भरवसा वाटतो.

शिवाय आग भडकलेली असताना इंधन त्यातल्या त्यात पूर्ण जळतं, ज्वाळा बसून नुसती धुमसायला लागली की किलोमागे मोनॉक्साइड, मिथेन आणि बारीक कण वाढतात. आपल्याला वाटतं आग आटोक्यात आली!

गोडाऊनचं गणित वेगळं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड, गादीतला पॉलियुरेथेन फोम जळला की हायड्रोजन सायनाइड असे विषारी वायू निघतात, त्यामुळे आत काय ठेवलं होतं त्याची यादी आधी हवी.

आणि विझल्यावर विषय संपत नाही, उलट पाण्याचा सुरू होतो. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडात बासेलजवळ सँडोज कंपनीच्या केमिकल गोदामाची आग विझवताना मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत गेलं आणि खालच्या अंगाला मासे ढिगाने मेले. त्यामुळे हवेसोबत त्या पाण्याचे आणि आजूबाजूच्या मातीचे नमुनेही घ्यावे लागतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डेटनला पेंटचं गोदाम पेटलं, जमिनीखाली शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा होता, तेव्हा पाणी मारायचं थांबवून आग जळू दिली, धूर झाला तर झाला म्हणून.