काडीमोड झाली, पण कागद कुठे?

प्रश्न : माझ्या आजोबांची थोरली बहीण सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून 1949 च्या सुमारास माहेरी परतली आणि पुढे तिचा दुसरा विवाह झाला. घरात ‘काडीमोड झाली’ एवढेच सांगतात. याची नोंद कुठे मिळेल?

उत्तर : ‘काडीमोड’ हा शब्दच पहिला धागा आहे. मुंबई प्रांतात हिंदूंना न्यायालयात घटस्फोट मागण्याची वाट 1947 च्या कायद्याने खुली झाली. त्याआधी, आणि अनेक जातींत त्यानंतरही, रूढीप्रमाणे पंचांसमोर सोडचिठ्ठी होत असे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशी रूढी मान्य ठेवली. त्यामुळे न्यायालयीन निकाल मुळात नसण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. सोडचिठ्ठी लिहिली गेली असल्यास ती सरकारी दप्तरापेक्षा माहेरच्या किंवा दुसऱ्या सासरच्या जुन्या पेटीत, जमिनीच्या कागदांसोबत सापडण्याचा संभव जास्त.

तरीही जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज अवश्य करावा. त्यात दोन्ही पक्षांची त्या काळची पूर्ण नावे द्यावीत (बाईंचे सासरचे नाव विसरू नये, बहुतेकांची चूक तिथेच होते) आणि 1947 ते 1955 असा काळ नमूद करावा. साक्षीपुराव्याचे कागद मुदतीनंतर नष्ट करतात, मात्र दाव्यांच्या नोंदवहीत नाव व क्रमांक मिळू शकतो. पोटगीचा अर्ज झाला असेल, तर तो फौजदारी न्यायालयाच्या दप्तरात शोधावा.