बेळगावात नोकरी, सीमाप्रश्न आणि स्वतःची झोप, तिन्ही सांभाळायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उद्यमबागच्या फौंड्रीत नोकरी आहे, सुपरवायझर आणि निम्मे सोबती कन्नड बोलणारे, घर आजोबांपासून समितीचं, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचं. मोबाईलवर रोज वाद होतात आणि नोव्हेंबर जवळ आला की झोप उडते. नोकरीवर गदा येऊ नये, चळवळीशी नातं तुटू नये आणि डोकंही ठिकाणावर राहावं, हे एकत्र जमतं का?

जमतं. मात्र बऱ्याच गोष्टी वातावरण थंड असताना ठरवून ठेवाव्या लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ते शक्यही आहे, कारण इथला बराचसा ताण तारीख सांगून येतो. १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांचं स्मरण, १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन, १ नोव्हेंबरला एकाच शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि समितीच्या काळ्या दिनाची निषेध फेरी, आणि साधारण डिसेंबरमध्ये हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन व त्याला उत्तर म्हणून समितीचा महामेळावा. कालनिर्णयावर या तारखांना आत्ताच खूण करा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: त्या दिवशी माझी पाळी कोणती, गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ कोण असणार.

१ नोव्हेंबरसाठी रजा मागायची गरजच नाही. कर्नाटकातल्या औद्योगिक आस्थापनांच्या सुट्ट्यांच्या १९६३ च्या कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांच्याबरोबर १ नोव्हेंबर ही सक्तीची पगारी सुट्टी आहे. त्या दिवशी कामावर बोलावलंच तर दुप्पट पगार किंवा पगार आणि बदली सुट्टी द्यावी लागते. म्हणजे त्या दिवशी तुम्ही कुठे होतात याचा कंपनीशी संबंध येत नाही. बाकीच्या तारखांना कार्यक्रमाला जायचं असेल तर आठवडाभर आधी लेखी रजा टाका, कारण ‘घरगुती काम’ एवढंच लिहा आणि मंजुरीचा फोटो काढून ठेवा. न सांगता दांडी मारली की वाद रजेचा राहत नाही, राजकारणाचा होतो, आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडते. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांचं गणित वेगळं. सेवा नियमांप्रमाणे त्यांना राजकीय संघटनेचं सदस्य होता येत नाही, म्हणून त्यांना फेरीत ओढू नका आणि त्यांच्या फोनवरून काही पुढे पाठवू नका.

तारीख न सांगता येणारा ताण म्हणजे ठिणगी: पुतळ्याची विटंबना, एखादा व्हिडिओ, बसमधलं भांडण. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस अडकल्या. अशा वेळी पहिला फटका कोल्हापूर-मिरजेला दवाखान्यात जाणाऱ्यांना आणि परीक्षेच्या पोरांना बसतो. बस बंद झाली तरी सहसा रेल्वे चालू असते. बेळगावहून मिरज आणि तिथून कोल्हापूर, हा मार्ग वेळापत्रकासह घरात लिहून ठेवा. चुकवून चालणारच नाही असं काम असेल तर आदल्या दिवशी निघा. तुमच्या मोटारसायकलचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर दंगलीत गाडी फुटल्याचा एक रुपयाही मिळत नाही. ओन डॅमेज असलेल्या पूर्ण पॉलिसीत दंगल आणि खोडसाळपणे केलेलं नुकसान धरलेलं असतं.

आता पोलिसांचा भाग. यावर जास्त लिहितो, कारण तरुण पोरांचं सर्वात मोठं नुकसान इथेच होतं. जमावबंदी लागते ती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, जुन्या १४४ च्या जागी. आदेश कुठल्या हद्दीत आहे आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे दोन्ही वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका. फेरीत जायचं ठरवलंत तर परवानगी आहे का, मार्ग कोणता आणि स्वयंसेवक कोण, हे संयोजकांना विचारा. महामेळाव्याला काही वर्षी परवानगी नाकारली गेली आहे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना सीमेवरच्या कोगनोळीला अडवलं गेलं आहे. परवानगी नसताना जायचं की नाही हा तुमचा निर्णय. मात्र तो घरी सांगून घेतलेला असावा. दगड उचलणाऱ्याच्या शेजारी उभं राहणंसुद्धा महागात पडतं, कारण बेकायदा जमावाच्या कलमात जमावातला प्रत्येक जण येऊ शकतो. घोषणा बदलली, तोंडाला रुमाल बांधलेले अनोळखी चेहरे घुसले, की त्याच मिनिटाला बाजूच्या गल्लीत वळायचं.

गुन्हा दाखल झाला म्हणजे सगळं संपलं असं नसतं, पण त्याची झळ कुठे बसते ते माहीत असू दे. न्यायालयात फौजदारी खटला चालू असला की पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागते. सैन्यभरतीत पोलीस पडताळणी असते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे तिथल्या प्रत्येक गल्लीत भरतीची तयारी करणारं एखादं पोरगं असतंच. तुम्ही नोकरीला लागलात, तुमचा धाकटा भाऊ अजून लागायचा असेल, हेही ध्यानात घ्या.

ठाण्यातून फोन आला तर पळू नका आणि एकटे जाऊही नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी नोटीस द्यावी लागते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर कारणं लिहिल्याशिवाय अटक करता येत नाही. अटक झालीच तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि २४ तासांत न्यायाधीशांपुढे उभं करणं बंधनकारक आहे. कागद कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर सही करू नका. शांतपणे म्हणा, ‘ओदाक बरंगिल्ल, स्वल्प ओदी हेळ्री’, म्हणजे वाचता येत नाही, जरा वाचून सांगा. बहुतेक पोलीस वाचून दाखवतात. तक्रार तुमची असेल तर ती तुम्हाला वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत फुकट देणं हे तर कायद्यातच आहे. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन लावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. उद्यमबागेतल्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे. एवढ्या मोठ्या कामगार वस्तीत हे प्रत्येक नोटीस बोर्डावर लागायला हवं.

मोबाईलचं तर वेगळंच. दोन समाजांत वैर पसरवण्याचं कलम भारतीय न्याय संहितेत १९६ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. स्टेटस २४ तासांनी जातं, पण कुणीतरी काढलेला त्याचा स्क्रीनशॉट जात नाही. व्हिडिओ आला की पुढे पाठवण्याआधी एकदा आवाज बंद करून पाहा. दुकानांच्या पाट्या बघा: २०२४ पासून पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, सक्तीचं झालं, त्यामुळे मराठी किंवा इंग्रजी मोठी आणि कन्नड लहान असलेल्या पाट्या सलग दिसल्या तर चित्रण बहुधा जुनं आहे. गाडीच्या नंबरात बेळगावचं केए-२२ आहे की आणखी काही, स्वेटर-छत्र्यांवरून ऋतू कोणता, दुहेरी बाणाची ‘अनेकदा पाठवलेला’ खूण आहे का, हे बघायला अर्धा मिनिट लागतो. आवाज मुद्दाम बंद करायला सांगतोय, कारण माणूस भडकतो तो बहुतेक वेळा आवाजाने.

कारखान्यात काय बोलायचं? सीमाप्रश्नावर चहाच्या टपरीवर कुणी डिवचलं तर एकच वाक्य पुरे: २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, काय ते तिथे ठरेल. हे खरंही आहे आणि कुणाचा अपमानही करत नाही. सुपरवायझरशी कामापुरतं कन्नड बोला. त्याने तुमचं मराठीपण तसूभर कमी होत नाही. आपल्याकडचे जुने व्यापारी आणि रयत दोन्ही भाषा बोलतच आले आहेत. मी तर पुढे जाऊन म्हणेन, कन्नड वाचायलाही शिका. हेस्कॉमचं वीजबिल, जमिनीचा उतारा, कंपनीची नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस कायम कुणाच्या तरी दयेवर राहतो.

मग चळवळीचं काय? मनातली तळमळ जिथे कागदावर उमटते तिथे लावा. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार अर्ज देता येतो. मराठीत अर्ज लिहा, सोबत अर्ध्या पानाचा कन्नड किंवा इंग्रजी गोषवारा जोडा, म्हणजे ‘कळत नाही’ म्हणून तो बाजूला पडत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. माहिती अधिकाराला मराठी चालत नाही, इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड लागतं. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि कर्नाटकात एका अर्जात एकच विषय १५० शब्दांत. दोन विषय घातले की अर्ज परत येतो.

आणि शाळा. पटसंख्येअभावी एखादी मराठी शाळा मिटली की ती पुन्हा उघडत नाही. मे-जूनमध्ये गल्लीतल्या चार घरी जाऊन प्रवेशाबद्दल बोलणं, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या बैठकीला बसणं, शिक्षकाची जागा रिकामी असेल तर पोच घेऊन अर्ज करणं, हे वर्षभराच्या स्टेटसपेक्षा जास्त काम करतं. यात अटक नाही, नोकरीला धोका नाही, आणि आपण काहीच करत नाही ही टोचणीही कमी होते. माझ्या मते तुमची निम्मी अस्वस्थता त्या टोचणीची आहे.

झोपेचं मात्र केवळ यावर भागणार नाही. गल्लीचे, समितीचे, मित्रांचे ग्रुप सोडू नका, लोकांना वाईट वाटतं. ते आर्काइव्हमध्ये टाका, नोटिफिकेशन बंद करा, मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. बातम्या दिवसातून दोनदा, सकाळी पेपर आणि संध्याकाळी एकदा. पाळी बदलत असेल तर झोपण्याच्या आधीचा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि रात्रपाळीनंतर खिडकीला जाड पडदा लावून झोपा. पाळीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा नको. वॅक्सिन डेपोत किंवा किल्ला तलावाकाठी अर्धा तास भरभर चाला, आणि सोबत असा एक मित्र घ्या ज्याच्याशी राजकारण बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. ताण घालवायला घेतलेली दारू झोप लावते खरी, पण पहाटे तीनला जागं करते.

झोप न लागणं, छातीत धडधड, भूक मरणं, सारखी चिडचिड हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू आहे, सुरुवातीला भाषा निवडता येते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था तर याच कामासाठी आहे. जगणं नको वाटलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन लावा आणि घरातल्या एकाला शेजारी बसवा. औषध सुरू झालं तर १ नोव्हेंबर आणि अधिवेशनाच्या आधी पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात आणून ठेवा. बंदमध्ये दुकान मिळालं नाही म्हणून गोळी तुटली तर झोपेचा त्रास नेमका तेव्हाच उलटतो.