पत्रक पुन्हा लिही

सप्रेम आशीर्वाद,

तुझं डेंग्यूचं पत्रक वाचलं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात वाटलंस, सगळ्यांनी "खरंच गो बाय" म्हणत माना डोलावल्या, आणि वाड्यावर टायर, करवंट्या, ताडपत्र्यांचे खळगे पाण्याने भरलेले ते भरलेलेच. म्हणून लोक बेफिकीर ठरवून मोकळी झालीस? मला हे मुळीच पटत नाही. काय करायचं, कधी, कुठे, हे तुझ्या पत्रकात आहेच कुठे?

मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेन्थॉल आणि सहकाऱ्यांनी 1965 साली येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. विषय धनुर्वाताची लस. अंगावर काटा आणणारं पत्रक वाचलेल्यांचं मत जास्त बदललं, पण प्रत्यक्ष टोचून घेण्यात कमी घाबरलेले आणि जास्त घाबरलेले सारखेच. फरक पडला तो आरोग्य केंद्राचा नकाशा, वेळा आणि "आठवड्यात कधी जाल ते ठरवा" एवढ्या मजकुराने: टोचून घेणारे सुमारे 3 टक्क्यांवरून 28 टक्क्यांवर गेले. म्हणून पत्रकातला तो रुग्णाचा मोठा फोटो काढून टाक. धोका दोन ओळींत सांग, उरलेली जागा कृतीला दे.

बाजारात दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस युक्तिवाद तोलत बसत नाही. पेटी आणि कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं: विषय आपल्या अंगाशी आला आणि विचाराला सवड असली, तरच माणूस मुद्दे पारखतो, नाहीतर कोण सांगतंय एवढंच बघतो, आणि असं बदललेलं मत फार टिकत नाही. तेव्हा घरी जा. पडवीत बस. त्यांच्याच अंगणातलं पिंप दाखव.

आणि परत तेच विचारतो: काय, कधी, कुठे? "स्वच्छता राखा" ही कृती नव्हे. "दर रविवारी सकाळी मागच्या दारचं पिंप उपडं करा, आतला काठ काथ्याने घासा, मग भरा" ही कृती. रविवारच का, तेही लिही: उबेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी काठाला चिकटलेली असतात, सुकली तरी महिनोन्‌महिने तगतात.

"बहुतेक घरांत पाणी साठलेलं आहे" हे वाक्य तर आधी खोड. सगळेच करतात म्हटल्यावर मला काय त्याचं, असंच मनात येतं. "निष्काळजी लोक"ही खोड. दरडावलं की माणूस मुद्दाम उलट वागतो. "शेजारी करत नाही, मी एकट्याने करून काय उपयोग?" ही शंका मात्र तू स्वतःच मांड आणि तिथल्या तिथे उत्तर दे: हा डास सहसा फार लांब उडत नाही, आपल्या घरात चावणारा बहुधा आपल्या किंवा शेजारच्या अंगणातलाच.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. नुसत्या डोललेल्या मानांना मी यश म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पुढच्या खेपेला किती पत्रकं वाटलीस ते नको सांगू. रविवारी दुपारी किती पिंपं घासलेली दिसली ते सांग. नवा मसुदा छापायला देण्याआधी मला दाखव.

तुझा,
काका