प्रोजेस्टेरॉन सुरू करणाऱ्या धाकट्या जावेला

अगं बाई, २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल बघून घाबरू नकोस. माझे दोन गर्भ गेले, तिसऱ्या वेळी रक्त दिसलं तेव्हा मलाही हीच दिली होती. प्रोजेस्टेरॉन आपल्या अंगातच तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर टिकवतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात आणि पाळी येतच नसली तरीही डॉक्टर ते देतात.

तोंडानं घ्यायची असेल तर रात्री झोपतानाच घे. गुंगी येते, गरगरतं. मी पहिल्या दिवशी सकाळी घेतली अन् भाकरी थापता थापता डोळे मिटायला लागले. खालून ठेवायची सांगितली असेल तर गुंगी कमी, पण स्राव होतो, पॅड लाव. स्तन दुखणं, पोट फुगणं होतं. पण एकच पाय सुजला, दम लागला, छातीत कळ आली किंवा डोळे पिवळे झाले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ.

काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. तुला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांग. आणि गरोदरपणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मनानं बंद करू नकोस.

अजून एक. नवरात्रात तुळजापूरला जायचं म्हणून आपल्याकडं बायका मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणतात. त्यात बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉन असतं, ते औषध वेगळं. गरोदरपणात ते चालत नाही, अन् पूर्वी रक्ताची गाठ झालेल्या बाईला धोक्याचं. शेजारणीकडची उरलेली पट्टी तर हातातही घेऊ नकोस.