एफडी मोडून चिंबोरीपालन करावं का?

ताई, तुम्ही नवी मुंबईतल्या दिवाळे गावातून लिहिलंय. यजमानांच्या स्वेच्छानिवृत्तीचे ६ लाख एफडीत आहेत. बचत गटातल्या तुम्ही पाचजणी दिरांच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीत, चिंबोऱ्या (खाडीतले खेकडे) वाढवणार, खर्च ४ लाख. दीर म्हणतात, कडेची तिवरं काढून तळं मोठं करू, त्यासाठी तुम्ही दागिने गहाण ठेवावेत.

दागिन्यांना हात लावू नका आणि तिवरांना तर मुळीच नको. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवन, म्हणजे हीच तिवरं, तोडायला राज्यभर मनाई केली, भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. गुन्हा नोंदला गेला तर तळंही गेलं आणि सरकारी अनुदानही. कायदा सोडा, धंद्याच्या हिशेबानेही हे चुकीचंच आहे. उधाणाचा जोर तिवरांच्या मुळांत मोडतो म्हणून तुमचा बांध टिकतो. झाडं गेली की दर पावसाळ्यात बांध भरायचा खर्च तुमच्याच गळ्यात. शिवाय चिंबोरीची आणि कोळंबीची पिल्लं त्याच मुळांच्या आडोशाला वाढतात.

राज्याची २०१७ ची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना याच पायावर उभी आहे: झाडं राखायची आणि त्याच पाण्यात खेकडे, जिताडा मासा, कालवं वाढवायची. गटाला ९० टक्के अनुदान, एकट्याला ७५. म्हणजे ४ लाखांत गटाचा वाटा ४० हजार, तुमचा ८ हजार. वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र ऐरोलीतच आहे, तिथे पाचहीजणी मिळून जा. दिवाळे योजनेत बसतं का, खाजणाला कुठल्या परवानग्या लागतील, हे मंजुरीआधी लेखी घ्या. खाडीत कारखान्यांचं पाणी येतं, म्हणून पाण्याची तपासणी आधी, खरेदी नंतर.

आता एफडीचं. घरखर्च महिना ३० हजार, तर सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार बाजूला. मुलीच्या फीचे दीड लाख वेगळे. उरले २ लाख ७० हजार. त्यातले पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५० हजार या धंद्यात घाला, तेही टप्प्याटप्प्याने, कारण अनुदान हातात पडायला वेळ लागू शकतो आणि चिंबोरीला खाणं रोज लागतं.

सुरुवात पिल्लांपासून करू नका. कात टाकलेली चिंबोरी अंगठ्याने दाबली की पाठ दबते, वजनाला हलकी लागते, बाजारात तिला भाव नसतो. ती स्वस्तात घ्या आणि तीन-चार आठवडे पोसा, पाठ टणक होते, मांस भरतं. प्रत्येकीला वेगळा खण हवा, नाहीतर एकमेकींना फाडतात. हिशेब मांडताना शंभरातल्या तीसेक मरतील असं धरा. तरीही पैसे सुटत असतील तरच दुसरी खेप.

दिरांना खाजणाचं भाडं ठरवून द्या, करार गटाच्या नावे करा, मुदत निदान पाच वर्षांची. नात्यातला व्यवहार आहे, म्हणूनच कागद आधी.